शेवटचा हात

जळक्या रेझिस्टरचा वास कुणाला शिकवावा लागत नाही. तो आधी नाकात झोंबतो, मग घशात उतरतो आणि दोन दिवस शर्टातून जात नाही. गेल्या जूनमध्ये तो मला पंधरा वर्षांनी पुन्हा आला. त्याच दुकानात, त्याच ॲम्प्लिफायरमधून. पहिल्या वेळी मी चौदा वर्षांचा होतो आणि दोष कुणाचा हे अर्ध्या तासात ठरलं होतं. या वेळी मला साडेतीन आठवडे लागले.

मामांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या एका बोळात आहे. आहे म्हणजे अजून उघडतं, इतकंच. मामा बहात्तर वर्षांचे झालेत, उजवा हात थरथरतो, सोल्डरिंग आयर्न धरवत नाही. घरी करमत नाही म्हणून सकाळी शटर वर करतात, रेडिओ लावतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलत बसतात. मी पुण्यातली एक नोकरी सोडली होती, दुसरी लागायला महिना होता. तोंडाने इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर, पण गेली सहा वर्षं काम सगळं स्क्रीनवरचं. हाताला काही गरम लागून बरेच दिवस झाले होते.

एके दिवशी एक मुलगी रिक्षातून एक पेटारा घेऊन आली. काळं रेक्झिन, कोपऱ्यांना पत्र्याच्या गंजलेल्या टोप्या, पुढे उंदरांनी कुरतडलेलं कापड. "आजोबांचा आहे. माळ्यावर होता. मला वाजवायचाय," म्हणाली. मामांनी पेटाऱ्याकडे पाहिलं आणि रेडिओचा आवाज मोठा केला.

मीही ओळखला होता. तिचे आजोबा ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचे. ज्या काळात व्हॅन शिपली आणि सुनील गांगुली यांच्या रेकॉर्डवर सिनेमातली गाणी शब्दांशिवाय ऐकली जायची, त्या काळातला माणूस. परदेशी ॲम्प्लिफायर तेव्हा सहजासहजी मिळत नसत, म्हणून त्यांनी मुंबईच्या एका कारागिराकडून हा बनवून घेतला होता. साधारण पंधरा वॉटचा, व्हॉल्व्हवर चालणारा. मागे कंपनीचं नाव नाही, फक्त ऑइलपेंटने लिहिलेलं "२३० व्होल्ट".

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी व्हॉल्व्ह पाहिलाच नसेल, म्हणून थोडं सांगतो. काचेची नळी, आतली हवा काढलेली. मध्ये कॅथोड, तो तापवला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. बाहेरच्या बाजूला ॲनोड, तो त्यांना ओढून घेतो. आणि दोघांच्या मध्ये जाळी, म्हणजे ग्रिड. ग्रिड ही नळाची चावी आहे. सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांआड येतं, त्यामुळे चावी, वॉशर, गळती या गोष्टी आमच्याकडे लहान पोरालाही कळतात. ग्रिडवर गिटारचा इवलासा सिग्नल आला की चावी थोडी उघडते, थोडी मिटते आणि मागून मोठा प्रवाह त्याच तालात वाहतो. हा सिग्नल ग्रिडपर्यंत आणून सोडणारा एक कपॅसिटर असतो. मामा त्याला कंडेन्सर म्हणतात, आम्हीही तेच म्हणू. त्याच्या एका अंगाला दोनशेच्या आसपास व्होल्ट असतात आणि दुसऱ्या अंगाला शून्य असायला हवं. स्वर जाऊ द्यायचा, दाब अडवायचा, एवढंच त्याचं काम.

पेटारा उघडला. पॉवर ट्रान्सफॉर्मर काळा पडलेला, त्याचं मेण वितळून तळाशी साचलेलं. कॅथोडचा रेझिस्टर कोळसा. व्हॉल्व्हच्या काचेवर राखाडी डाग. मागच्या फ्यूजहोल्डरची टोपी फिरवली आणि काचेचा फ्यूज हातात आला. त्याला तांब्याची एक तार गुंडाळलेली होती, दोन्ही टोपणांवरून पाच-सहा वेढे, नीट घट्ट.

ते वेढे मी घातले होते.

२०१०चा गणेशोत्सव. आमच्या भागातल्या एका मंडळाचा ऑर्केस्ट्रा, रस्त्यावर मांडव, लाइट जाणारच हे धरून भाड्याचा जनरेटर. दुपारी हा ॲम्प्लिफायर दुकानात येऊन गेला होता, कॅथोडचा रेझिस्टर जळाला म्हणून. तो बदलला होता मामांच्या हाताखालच्या पोराने. एकोणीस वर्षांचा, पूर्व भागातून सायकलवर यायचा, घरी तेलुगू बोलायचा आणि दुकानात आमच्यापेक्षा अस्सल सोलापुरी. त्याचं सोल्डर मी आजही ओळखतो. प्रत्येक टाका लहान, चकचकीत, थेंबासारखा. मी शाळा सुटली की त्याच्या शेजारी बसून बघायचो. मला जे थोडं येतं ते त्याच्याकडून आलंय.

कार्यक्रम सुरू झाला आणि दुसऱ्या गाण्याला फ्यूज उडाला. जवळचा एक घातला, तोही उडाला. तिसरा नव्हता. तो म्हणाला, "उडतोय म्हणजे आत काहीतरी आहे की. उघडून बघू. मी मीटर घेऊन येतो, तोपर्यंत हात लावू नको." आणि दुकानाकडे पळाला. मंडळाचे कार्यकर्ते डोक्यावर उभे. आजोबा पांढऱ्या सुटात, मांडीवर गिटार, समोर दोन-अडीचशे माणसं. माझ्या खिशात शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातल्या मॉडेलची निळी वायर होती. मी दाताने ती सोलली, उडालेल्या फ्यूजला तार गुंडाळली आणि बटण दाबलं. गिटार वाजलं. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली.

तो मीटर घेऊन आला तेव्हा तिसरं गाणं चालू होतं. "फ्यूज मिळाला?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हणालो.

वीस मिनिटांनी धूर निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी त्याला काढून टाकलं. दुपारी त्याने हात लावला, रात्री जळालं, याहून जास्त कुणाला काही विचारायचं नव्हतं. ट्रान्सफॉर्मरचे पैसे मामांनी आजोबांना खिशातून दिले. आजोबांनी ते घेतले, पण दुरुस्त काही केलं नाही. पेटारा माळ्यावर गेला. माझ्या आठवणीत पुढे त्या रात्रीची एक सोपी गोष्ट उरली: रेझिस्टर कच्चा लावला होता म्हणून जळालं. तारेचं मी विसरलो होतो असं म्हणवत नाही, पण ती आठवण मी कधी हातात घेतली नव्हती. आणि त्या "हो"चं तर मला, खरं सांगतो, फ्यूज दिसेपर्यंत काहीच आठवत नव्हतं.

मुलीला मी "बघतो" म्हणालो. ट्रान्सफॉर्मर अक्कलकोट रोडवरच्या एका वाइंडिंगवाल्याकडून गुंडाळून घेतला. त्याचा धंदा स्टॅबिलायझरचा. २५०-०-२५० ऐकून त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी बैलगाडीचं स्टेपनी मागतोय. फुगलेले फिल्टर कंडेन्सर बदलले. मामांच्या एका खोक्यात भारत इलेक्ट्रॉनिक्सचे ईएल-८४ व्हॉल्व्ह निघाले, न वापरलेले. बेंगळुरूच्या या सरकारी कंपनीने १९६१पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले होते, आणि जुन्या दुकानांतून कुठे कुठे ते अजून असे खोक्यात झोपलेले सापडतात. कॅथोडला नवा रेझिस्टर लावला. सिरीज बोर्डवर, म्हणजे मध्ये शंभरचा बल्ब घालून, चालू केलं. बल्ब मंद झाला, सगळं शांत, कुठे धूर नाही. मी खूश. मग थेट लाइनवर लावलं.

अठराव्या मिनिटाला तो वास आला. दोनपैकी एका व्हॉल्व्हचा ॲनोड लालभडक झाला होता. मी बटणापर्यंत पोचायच्या आत काचेत निळी ठिणगी उडाली आणि फ्यूज गेला. माझा नवा रेझिस्टर, मीच लावलेला, मध्यभागी तपकिरी पडला होता.

ही नक्कल पाहून मी स्टुलावर बसून राहिलो. पंधरा वर्षांपूर्वी त्या पोराच्या बाबतीत जे झालं होतं तेच माझ्या बाबतीत झालं होतं, फक्त मला कुणी काढून टाकणार नव्हतं.

मग रीतसर शोध घेतला. नवा व्हॉल्व्ह लावला, चालू केलं, एक हात खिशात ठेवून मोजलं. कॅथोडवर साधारण दहा व्होल्ट हवेत, सोळा होते. म्हणजे रेझिस्टरमधून जायला हवा त्याच्या दीडपट प्रवाह जात होता. तो जळत होता कारण त्याच्यावर ते येऊन पडत होतं. ग्रिडवर शून्य हवं, पाच होते. आता हे पाच व्होल्ट व्हॉल्व्ह आतून देतोय की कंडेन्सर बाहेरून? व्हॉल्व्ह उपसून बाजूला ठेवला. रिकाम्या सॉकेटवर पाच तसेच. कंडेन्सरचा पाय सोडवला. शून्य.

चॉकलेटी रंगाचा, बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर. बाहेरून एक ओरखडा नाही. गळत किती होता? हिशोब केला तर दहा मायक्रोॲम्पिअर, म्हणजे एका ॲम्पिअरचा लाखावा भाग. तेवढ्याने चावी पुरती मिटेना आणि मागचं सगळं जळत गेलं. सिरीज बोर्डवर हे दिसलं नाही कारण तिथे व्होल्टेजच कमी होतं. कमी दाबाला तो गळत नव्हता.

सोडवलेला कंडेन्सर मी मामांच्या हातात दिला. त्यांनी त्यांचा काट्याचा मीटर काढला, थरथरत्या हाताने दोन टोकं लावली. काटा हललाच नाही.

"चांगलाय की."

"मामा, मीटरमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी आहे. याला अडवायचेत दोनशे." मी तो परत जोडून, चालू करून, ग्रिडवरचे पाच व्होल्ट त्यांना दाखवले. ते बराच वेळ आकड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चहा सांग." चहा आला, गार झाला.

"तो म्हणाला होता," मामा म्हणाले. "त्या दिवशी दुपारी. मालक, कंडेन्सरचा संशय येतोय, बदलू का. मी हाच मीटर लावून दाखवला त्याला. म्हटलं, मीटर खोटं बोलतो का?"

मी तारेचं सांगितलं. सांगायला पंधरा वर्षं लागली आणि वाक्य चार शब्दांचं निघालं.

"माहितीय," मामा म्हणाले. "दुसऱ्या दिवशी उघडलं तेव्हाच बघितलं मी. निळ्या वायरची तार दुसऱ्या कुणाकडं होती?"

"मग त्याला का काढलंत?"

"गल्लीत नाव कुणाचं तरी लागणार होतं. तू बहिणीचा पोरगा."

या वाक्यापाशी मी अजून अडकलोय.

मराठीत एक अडचण आहे. कंडेन्सरमध्ये दोष आहे असंही आपण म्हणतो आणि दोष कुणाचा असंही विचारतो, एकाच शब्दाने. त्यामुळे बिघाड शोधता शोधता आपण गुन्हेगार शोधायला कधी लागलो ते कळत नाही. आणि गुन्हेगार शोधायची आपली रीत ठरलेली आहे: जळालेला कोण आणि शेवटचा हात कुणाचा. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते हे आपणच म्हणतो, आणि फांदी तुटली की कावळ्याच्या मागे दगड घेऊन आपणच धावतो. आमच्या सोलापुरात गिरण्या बंद पडत गेल्या तेव्हा शेवटी फाटकावर उभे होते कामगार. माझे आजोबा त्यांतले. "युनियनबाजीनं मिल घालवली" हे वाक्य मी लग्नांत, एसटीत, सलूनमध्ये इतक्या वेळा ऐकलंय की ते गणिताच्या सूत्रासारखं वाटायचं. बंद पडण्याच्या आधीची वीस-तीस वर्षं यंत्रं कोणत्या वयाची होती, पैसा कुठे वळला, हे विचारायला वेळ लागतो, आणि ज्याच्याकडे वेळ आहे त्याला बहुधा उत्तर नको असतं.

आपल्याकडच्या नैयायिकांनी यावर बारीक विचार करून ठेवलाय. सतराव्या शतकात विश्वनाथ पंचाननाने लिहिलेल्या 'भाषापरिच्छेदा'त कुंभाराचं गाढव येतं. घडा व्हायच्या आधी गाढवाने माती वाहून आणली. म्हणून गाढव घड्याचं कारण का? नाही, ते 'अन्यथासिद्ध', त्याच्यावाचून अडत नाही, माती दुसऱ्या कशानेही आली असती. कुंभाराचा बापही नाही. तो नसता तर कुंभार नसता हे खरं, पण घडा करायला बाप लागत नाही. नुसतं आधी असणं म्हणजे कारण असणं नव्हे. मला हे फार आवडतं, आणि त्या रात्रीला लावून पाहिलं तर पहिली सुटका त्या पोराचीच होते. त्याचा रेझिस्टर म्हणजे गाढव. तो लावला नसता, दुसऱ्या कुणी लावला असता, तरी जळालं असतंच. मी पुराव्यानिशी सांगू शकतो, माझाही जळला.

जनरेटरलाही सोडून देतो. उरलो मी. बिघाड मी केला नव्हता. पण फ्यूज हा त्या पेटाऱ्यातला एकटाच भाग आहे ज्याचं काम मरणं हे आहे. तो दोनदा मेला, म्हणजे दोनदा ओरडून सांगितलं की आत काहीतरी चुकतंय. मी त्याचं तोंड बांधलं. शंभर रुपयांत मिटलं असतं ते त्यामुळे ट्रान्सफॉर्मरपर्यंत गेलं. प्रत्येक घरात, प्रत्येक ऑफिसात असा एक माणूस असतो जो सगळ्यांत आधी चिडतो, आणि आपण म्हणतो हा फार तापट आहे. माझ्या आधीच्या कंपनीत एक बाई होती. ती प्रत्येक मीटिंगमध्ये म्हणायची की हे असं चालणार नाही. तिला दुसऱ्या टीममध्ये टाकल्यावर मीटिंगा फार छान व्हायला लागल्या. मीही सुटकेचा श्वास टाकला होता, नाही म्हणत नाही.

मग वाटलं, मामांना आणि मला दोघांनाही कंडेन्सरसारखं समजून घ्यावं. मामांनी आयुष्यभर कुणाचा एक रुपया जास्त घेतला नाही. नऊ व्होल्टला मोजलंत तर काटा हलणार नाही. त्या सकाळी दाब जास्त होता, गळले. मी चौदा वर्षांचा, अडीचशे माणसं समोर, गळलो. हा विचार मी तीन-चार दिवस जवळ बाळगला, कारण तो उबदार होता. नंतर त्यातली लबाडी दिसली. कंडेन्सरला आपण गळतोय हे कळत नाही. मामांनी तार पाहिली होती. रात्रभर विचार करून, सकाळी आंघोळ करून, दुकान उघडून त्यांनी एकाला वाचवलं आणि एकाला घालवलं. आणि माझं "हो" फक्त एका अक्षराचं होतं, पण ते म्हणताना मला त्याचा अर्थ माहीत होता. शिवाय पुढची पंधरा वर्षं कोणता दाब होता? तो याच शहरात होता. मी दर दिवाळीला येत होतो.

दोन्ही कंडेन्सर बदलले, रेझिस्टर पुन्हा बदलला, तीन तारांची वायर लावून चासीला अर्थ दिला. मुलीने गिटार जोडलं. तिला अजून फारसं वाजवता येत नाही, पण पहिला स्वर निघाला तेव्हा बोळातली दोन माणसं थांबली. मामा मान खाली घालून ऐकत होते. ती गेल्यावर त्यांनी गल्ल्याच्या खालच्या कप्प्यातून एक पाकीट काढलं. "त्याचे बारा दिवसांचे राहिले होते," म्हणाले. पाकिटावर पेनने रक्कम लिहिली होती, शाई फिकट झालेली. त्या वर्षीच भरून ठेवलं असणार. आत आताच्या नोटा होत्या, म्हणजे नोटबंदीच्या वेळी उघडून बदलल्याही होत्या. मी काही विचारलं नाही.

तो एका टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. पाळी संपताना फाटकासमोरच्या चहाच्या गाड्यावर भेटलो. पोट सुटलंय, केस गेलेत, बोटं तशीच. मी सगळं सांगितलं, कंडेन्सरपासून तारेपर्यंत, मामा काय म्हणाले तेही. मध्ये तो एकदाही बोलला नाही.

"रात्री साडेनऊला कुठलं दुकान उघडं होतं बे?" तो शेवटी म्हणाला. "फ्यूज मिळाला म्हणे."

"मग बोलला का नाहीस?"

"कुणाला बोलू?"

मी पाकीट दिलं. त्याने नोटा काढल्या, सावकाश मोजल्या, वरचा आकडा वाचला, खिशात घातल्या. "बरोबर आहेत." मी माफी मागितली. त्यावर त्याने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. चहाचे पैसे मात्र मला देऊ दिले नाहीत.

हेल्मेट घालता घालता थांबला.

"कंडेन्सर कितीचा घातलास? चारशेचा?"

"सहाशे तीसचा."

"दोन्ही बदललास ना?"

"दोन्ही."

"हां," म्हणाला, आणि किक मारली.